सेंटॉरो, वादळातले बर्स्ट आणि विचित्र पदार्थाची ढेकळं: न जुळणाऱ्या वैश्विक शॉवर्सचं करायचं काय?

बापू_खगोल (धागाकर्ता)

वैश्विक किरणांवर इथे आधी बरंच बोलून झालंय त्यामुळे प्राथमिक माहिती आवरती घेतो. अवकाशातून एखादा प्रोटॉन किंवा अणुकेंद्रक प्रचंड वेगात येतं, वातावरणात वरच कुठंतरी हवेतल्या केंद्रकावर आदळतं, त्यातून पायॉन वगैरे कणांचा लोंढा सुटतो, ते पुढे आणखी आदळतात, मोडतात, आणि जमिनीवर येईपर्यंत काही चौरस किलोमीटरवर कणांचा सडा पडतो. हा झाला एअर शॉवर. मला बोलायचंय ते या साच्यात न बसणाऱ्या शॉवर्सबद्दल.

सगळ्यात जुनी आणि गाजलेली भानगड म्हणजे सेंटॉरो. बोलिव्हियात ला पाझजवळ चाकालताया नावाचा डोंगर आहे, तिथे साधारण ५२०० मीटर उंचीवर प्रयोगशाळा आहे. पायॉनच्या शोधात वाटा असलेले सेझार लातेस यांच्या पुढाकाराने ब्राझील आणि जपानच्या लोकांनी १९६२ पासून तिथे इमल्शन चेंबर ठेवले. शिसाचे पत्रे आणि एक्सरे फिल्म यांची चळत, मग कार्बनचा थर, मग हवेची मोकळी जागा आणि खाली परत शिसं आणि फिल्म. वरच्या चेंबरमध्ये मुख्यतः फोटॉन आणि इलेक्ट्रॉन पकडले जातात, खालच्यात हॅड्रॉन (प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन या जातीचे कण). एकेक संच महिनोन्महिने उघडा ठेवायचा आणि मग फिल्म धुवून काळे ठिपके मोजत बसायचं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना एक घटना सापडली जिच्यात खालचा भाग ठिपक्यांनी गच्च भरलेला आणि वर जवळजवळ काहीच नाही. वरचं धड आणि खालचं धड जुळेना म्हणून ग्रीक दंतकथेतल्या अर्ध्या माणूस-अर्ध्या घोड्याचं नाव दिलं, सेंटॉरो. हे विचित्र का, तर नेहमीच्या टकरीत तयार होणाऱ्या पायॉनपैकी साधारण एक तृतीयांश चार्ज नसलेले असतात आणि ते क्षणार्धात मोडून दोन दोन फोटॉन देतात. म्हणजे शंभरेक कण सुटले तर फोटॉनचा झोत असायलाच हवा. इथे तोच गायब. आणि मोजमापावरून टक्कर चेंबरच्या फक्त पन्नासेक मीटर वर झालेली वाटत होती, म्हणजे येणारी जी काही वस्तू होती ती एवढं वातावरण भेदून न फुटता खालपर्यंत आली. लोखंडाचं केंद्रक हे करूच शकत नाही, त्याचे तुकडे फार आधी होतात.

मग १९७९ मध्ये ब्योर्केन आणि मॅक्लेरन यांनी सुचवलं की ही क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) पदार्थाची घट्ट ढेकळं असू शकतील. १९८४ मध्ये एडवर्ड विटनने मांडलं की अप, डाउन आणि स्ट्रेंज असे तिन्ही क्वार्क असलेला पदार्थ लोखंडापेक्षाही स्थिर असू शकेल (साधारण हीच कल्पना बोडमरने १९७१ मध्ये मांडली होती). त्याच्या छोट्या तुकड्यांना स्ट्रेंजलेट म्हणतात. आणि अलीकडे अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात डिटेक्टरांचं जाळं असलेल्या टेलिस्कोप अ‍ॅरेला एका मिलिसेकंदाच्या आत एकाच जागी लागोपाठ तीन-चार शॉवर असे बर्स्ट दिसले, त्यावर अरियल झिट्निट्स्की यांनी अ‍ॅक्सिऑन क्वार्क नगेट (डार्क मॅटर ज्यांचं बनलंय असे क्वार्कचे घट्ट तुकडे) हे उत्तर दिलंय, त्यातही काही नगेट चक्क प्रतिपदार्थाचे.

तर प्रश्न असा, की या सगळ्यात खरंच काही दम आहे, का दर वेळी काही विचित्र दिसलं की नवा पदार्थ काढायची खोड आहे? माझं मत अजून पक्कं नाही, पण कल ‘दम आहे’कडे आहे. जाणकारांनी लिहावं.

---

चकवा

वाचतोय. तिरकसराव येऊन धागा फाडतील त्याआधी हजेरी लावून ठेवतो.

---

गोदाक्का

बापूसाहेब छान लिहिलंय पण एक शंका. स्ट्रेंज क्वार्क असलेले कण, म्हणजे लॅम्डा वगैरे, ते तर जेमतेम एक अब्जांश सेकंदसुद्धा टिकत नाहीत ना? मग स्ट्रेंज क्वार्कच क्वार्क भरलेलं ढेकूळ लोखंडापेक्षा स्थिर कसं काय? मला हे कधीच पटलेलं नाही, कुणी सोपं करून सांगेल का

---

रात्रपाळी

गोदाक्का, प्रश्न अगदी बरोबर जागी आहे.

एकटा लॅम्डा मोडतो कारण मोडल्यावर त्याला हलकं होता येतं. पण क्वार्क खच्चून भरले की पाउलीचा नियम आडवा येतो, एकाच प्रकारचे दोन क्वार्क एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत, त्यामुळे नवीन येणाऱ्याला वरच्या ऊर्जेच्या जागेवर बसावं लागतं. फक्त अप आणि डाउन असतील तर जागा भराभर भरतात आणि वरच्या मजल्यांवर चढत जावं लागतं. तिसरा प्रकार आला की त्याची स्वतःची रिकामी इमारत, तळमजल्यापासून. स्ट्रेंज क्वार्क मुळात जड आहे, म्हणजे त्या इमारतीत शिरायलाच जास्त भाडं, पण इतरांना वर चढायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा ते भाडं कमी पडलं तर सगळ्यांचा मिळून फायदा होतो. आणि तिथे असलेल्या स्ट्रेंजला मोडता येत नाही कारण मोडून जो डाउन किंवा अप होईल त्याला बसायला खालची जागाच शिल्लक नाही.

मग आपली साधी केंद्रकं स्वतःहून असा पदार्थ का होत नाहीत? कारण त्यासाठी एका दमात खूप क्वार्क स्ट्रेंज व्हावे लागतील, एक-दोन झाले तर तोटाच आहे. म्हणून विश्वाच्या वयात ते होत नाही.

आता शॉवरच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. अप चा चार्ज अधिक दोन तृतीयांश, डाउन आणि स्ट्रेंजचा उणे एक तृतीयांश. तिन्ही जवळपास सारख्या संख्येने असले की बेरीज शून्याच्या जवळ. त्यामुळे स्ट्रेंजलेटचं वस्तुमान भरपूर आणि चार्ज अगदी किरकोळ. शोधणाऱ्यांना हीच खूण हवी असते. १९९० मध्ये साइतो आणि सहकाऱ्यांनी बलूनवरच्या उपकरणात चार्ज १४ च्या आसपास आणि वस्तुमान ३५० च्या घरात अशा दोन घटना सांगितल्या होत्या. चार्ज १४ म्हणजे सिलिकॉन, आणि सिलिकॉनचं वस्तुमान २८! खरं असतं तर तिथंच विषय संपला असता, पण नंतर कुणाला तसं ठामपणे दिसलं नाही. स्पेस स्टेशनवर २०११ पासून एएमएस-०२ हा कणशोधक आहे, त्याच्या चुंबकातून वळणाऱ्या कणांमध्ये हीच खूण शोधता येते.

आपल्याकडे बोस इन्स्टिट्यूटच्या शिबाजी रहा आणि संजय घोष यांच्या गटाने २००० मध्ये एक मजेशीर गणित मांडलं होतं. त्यांचं म्हणणं की लहान स्ट्रेंजलेट वातावरणातून येताना फुटत नाही, उलट वाटेत न्यूट्रॉन-प्रोटॉन गिळत वाढत जातो, आणि डोंगरमाथ्यापर्यंत पोचतो. म्हणून ते लोक दार्जिलिंगला प्लास्टिकचे डिटेक्टर लावून असले ट्रॅक शोधायच्या मागे लागले.

---

तिरकस

आलो. चकवा, निराश करणार नाही.

बापू, तुमच्या लेखात सेंटॉरोची गोष्ट १९८४ ला थांबते आणि मग थेट युटा. मधलं आणि नंतरचं सगळं गाळलंय, म्हणून क्रमाने सांगतो.

पहिलं, सर्नमध्ये १९८० च्या दशकात यूए५ आणि यूए१ या प्रयोगांनी प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरींत सेंटॉरो शोधले, एकही नाही. ऊर्जा कमी पडली असेल म्हणा, ठीक. दुसरं, जपानमध्ये फुजी आणि तिबेटमध्ये कानबाला या डोंगरांवर तसेच इमल्शन चेंबर होते, तिथे चाकालतायासारखे सेंटॉरो आले नाहीत. तिसरं, ब्योर्केन स्वतः नव्वदच्या दशकात फर्मीलॅबमध्ये मिनिमॅक्स नावाचा छोटा प्रयोग घेऊन बसला, तोवर त्याची कल्पना बदलून पायॉनमधला चार्जचा समतोल बिघडवणारी कायरल कंडेन्सेट झाली होती. तिथेही काही नाही.

आणि चौथं, ज्यासाठी मी एवढं टाइप करतोय. २००३ मध्ये कोपेन्किन, फुजिमोतो आणि सिन्झी यांनी सेंटॉरो-१ चा मूळ डेटा परत तपासला. हे फुजिमोतो म्हणजे मूळ ब्राझील-जपान गटाच्या म्होरक्यांपैकी एक, कुणी बाहेरचा टीकाकार नाही. वरच्या चेंबरचे ब्लॉक एकमेकांना चिकटून नव्हते, मध्ये फटी होत्या. साधा नेहमीचा शॉवर त्या फटीतून सरळ खाली गेला तर वर काही उमटणार नाही आणि खाली गच्च उमटेल! पुढच्याच वर्षी ओहसावा, शिबुया आणि तामादा यांनी ठिपक्यांचे कोन मोजले तर वरच्या चेंबरमधल्या झोताची दिशा आणि खालच्याची दिशा जुळतच नाही. म्हणजे वरची घटना वेगळी आणि खालची वेगळी, महिनोन्महिने उघड्या राहिलेल्या फिल्मवर दोन्ही एकावर एक आल्या. अर्धा घोडा एका गावचा आणि अर्धा माणूस दुसऱ्या.

आता यावर नवा पदार्थ उभा करायचा का?

---

बापू_खगोल

ते दोन्ही पेपर माहीत आहेत हो, मुद्दाम लिहिले नाहीत कारण चर्चा तिथेच आटोपली असती :) पण सेंटॉरो-१ ही एक घटना झाली, चाकालतायाच्या लोकांनी एकूण पाच सांगितल्या होत्या. शिवाय पामीरच्या डोंगरात सोव्हिएत काळात जे चेंबर होते त्यांनी शिशात अपेक्षेपेक्षा फार खोल जाणारे कॅस्केड (कणांचे लोंढे) दाखवले होते, त्याला फटीचं स्पष्टीकरण लावणार का?

---

तिरकस

पाचातली पहिली सगळ्यात देखणी होती आणि तिच्याच जोरावर बाकीच्या चार उभ्या होत्या. त्या चारांमध्ये वर-खाली फरक इतका टोकाचा नव्हताच, नुसत्या चढउतारानेही तिथवर जाता येतं. पाया गेल्यावर वरचे मजले कोण राखणार.

पामीरबद्दल सरसकट बोलत नाही, खोल जाणाऱ्या कॅस्केडला चार्म क्वार्कचे कण हे एक साधं उत्तर बऱ्याच जणांनी सुचवलंय. एकदम नवा पदार्थ मानण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

---

अर्धवटराव

म्हणजे स्ट्रेंजलेट पृथ्वीला गिळणार ती बातमी खोटी का? मी तर कर्जाचे हप्ते भरायचं थांबवणार होतो

---

रात्रपाळी

अर्धवटराव हप्ते भरा.

ती भीती १९९९ च्या आसपास अमेरिकेतला आरएचआयसी हा कोलायडर सुरू व्हायच्या वेळची. बुझा, जाफे, सँडवाइस आणि विल्झेक यांनी त्यावर अहवाल दिला आणि त्यातला मुद्दा मला अजूनही फार आवडतो. चंद्राला वातावरण नाही, त्याच्या पृष्ठभागावर वैश्विक किरणांतली लोखंडाची केंद्रकं अब्जावधी वर्षं थेट आदळतायत. अशा टकरींतून गिळंकृत करणारा पदार्थ बनत असता तर चंद्र केव्हाच त्याचा गोळा झाला असता. तो रात्री दिसतोय म्हणजे ठीक आहे.

चंद्रावरून आठवलं, अपोलो ११ ने आणलेल्या मातीपैकी १५ ग्रॅम येलच्या अ‍ॅक्सिलरेटरमधून तपासून त्यात स्ट्रेंजलेट मिसळलेत का हे पाहिलं होतं, २००९ ला निकाल आला, काही सापडलं नाही. आणि चाकालतायावरच, हो त्याच डोंगरावर, स्लिम नावाच्या प्रयोगाने ४०० चौरस मीटरहून जास्त प्लास्टिक डिटेक्टर चार वर्षांच्या वर पसरून ठेवले होते. मुख्य शोध चुंबकीय एकध्रुवांचा (चुंबकाचा एकच ध्रुव असलेल्या कणांचा), पण स्ट्रेंजलेट आणि न्यूक्लिअराइट पण त्यात उमटले असते. २००८ मध्ये निकाल, एकही उमेदवार नाही.

---

गोदाक्का

धन्यवाद रात्रपाळी, इमारतीचं डोक्यात बसलं. न्यूक्लिअराइट म्हणजे अजून काही वेगळं?

---

रात्रपाळी

तोच पदार्थ, फक्त मोठ्या आकाराचा. १९८४ मध्येच द रुजुला आणि ग्लाशो यांनी ते नाव दिलं आणि शोधायचे मार्गही दिले, आकाशात उल्केसारखी पण वेगळ्या वेगाची रेघ, जुन्या अभ्रकातल्या खुणा, आणि सगळ्यात भारी म्हणजे भूकंपलेखक. एखादा टनभर वजनाचा तुकडा पृथ्वीच्या आरपार गेला तर सरळ रेषेत भूकंपाच्या लहरी सुटतील.

यावर खरंच काम झालं. टेक्सासमधल्या गटाने जुन्या भूकंप नोंदींमधून १९९३ च्या अशा दोन घटना काढल्या आणि बरीच प्रसिद्धी झाली. मग ब्रिटनच्या भूकंपवाल्यांनी बघितलं तर नोव्हेंबरच्या घटनेत एका केंद्राचं घड्याळच चुकत होतं. घड्याळ दुरुस्त केल्यावर तो साधा भूकंप निघाला.

---

तिरकस

+१ आणि हेच मी सांगतोय. फटी, घड्याळ. १९७५ मध्ये बलूनवरच्या प्लास्टिकमध्ये बफर्ड प्राइसच्या गटाला चुंबकीय एकध्रुव सापडला म्हणून जाहीर झालं, लुइस अल्वारेझने सांगितलं की हे प्लॅटिनमचं केंद्रक वाटेत तुटत गेल्यासारखं आहे. दर वेळी तीच गोष्ट.

---

शून्यवादी

तिरकसशी अर्धा सहमत. आधी यंत्र तपासा हे बरोबर, पण टेलिस्कोप अ‍ॅरेच्या बर्स्टबाबत यंत्राचा दोष निघालेला नाही हे लक्षात घ्या. तिथे ७०० चौरस किलोमीटरवर ५०७ डिटेक्टर आहेत, १.२ किलोमीटर अंतराने. त्यांनी २००८ ते २०१३ मध्ये असे १० बर्स्ट शोधले. एवढ्या छोट्या जागेत, एक मिलिसेकंदात तीन शॉवर योगायोगाने यायची शक्यता शून्यात जमा आहे. म्हणजे घटना खरी, प्रश्न फक्त कारणाचा.

आणि कारण पण बरंचसं सापडलंय, ते वीज आहे. त्या बर्स्टपैकी बरेच जवळ पडलेल्या विजेच्या नोंदींशी जुळतात. पुढे तिथे विजेचा नकाशा काढणारी यंत्रणा बसवली तेव्हा दिसलं की ढगातून खाली येणारी वीज सुरू होते त्या पहिल्या एक-दोन मिलिसेकंदात हे झोत येतात. ढगातलं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनना पळवतं, ते हवेतून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, त्यांची त्सुनामी होते आणि गॅमा किरण खाली येतात. ही कल्पना सी.टी.आर. विल्सनने १९२० च्या दशकात मांडली होती, १९९२ मध्ये गुरेविचने तिला नीट रूप दिलं आणि १९९४ मध्ये उपग्रहावरून वर जाणारे असे गॅमा झोत दिसले पण. युटात दिसतात ते खाली येणारे.

ढगात किती जोर असतो याचा अंदाज नसेल तर उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगाचं काम बघा. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात म्युऑनची (शॉवरमधून जमिनीवर येणारे, इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) संख्या घटली त्यावरून त्यांनी ढगातला दाब १.३ अब्ज व्होल्ट काढला. एवढं घरात असताना बाहेरून प्रतिपदार्थ आणायची गरज काय?

---

बापू_खगोल

थांबा थांबा, इथेच गंमत आहे. झिट्निट्स्कींच्या मॉडेलमध्ये पण वादळ लागतंच! नगेट ढगाखालून जातो, त्याच्या भोवती पॉझिट्रॉनचं (इलेक्ट्रॉनचे प्रतिकण) आवरण असतं, ढगाचं क्षेत्र ते पॉझिट्रॉन ओरबाडून पळवतं आणि त्यांचा झोत डिटेक्टरवर येतो. त्यामुळे ‘वादळाशी जुळतं’ एवढ्यावर ते मॉडेल बाद होत नाही.

आणि संख्या बघा. हिशोब मीच केलाय, ढोबळ आहे. आपल्या भागात डार्क मॅटरची घनता घन सेंटीमीटरला ०.३ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि वेग सेकंदाला २२० किलोमीटर धरला तर ७०० चौरस किलोमीटरवर दिवसाला दोन ग्रॅमच्या आतच डार्क मॅटर पडतं. एक नगेट १० ग्रॅमचा धरा, म्हणजे पाच-सहा दिवसांत एक, पाच वर्षांत तीनशेच्या वर. डोक्यावर वादळ असण्याचा वेळ शंभरात एक धरला तर हाती राहतात तीन-चार. दिसले १०. अशा विषयात एवढं जुळणं म्हणजे जवळच म्हणायचं. उगाच हवेत बाण नाहीये.

---

चकवा

१० ग्रॅम प्रतिपदार्थ डोक्यावरून जातोय आणि आपण धाग्यावर. तो फुटला तर?

---

तिरकस

१० ग्रॅम पूर्ण नष्ट झाला तर चारशे किलोटनच्या वर, हिरोशिमाच्या पंचवीस-तीस पट. पण बापूंच्या बाजूने बोलायचं तर हवेत तो तेवढा नष्ट होणार नाही. त्याचा व्यास सेंटीमीटरच्या लाखांश भागाच्या घरात, त्यामुळे अख्ख्या वातावरणातून जाताना वाटेत हवा आडवी येते ती ग्रॅमच्या काही दशलक्षांश भागाहून कमी. त्यातून सुटते ती ऊर्जा शंभरेक किलो टीएनटी, फार तर.

माझी अडचण जमिनीखाली आहे. वातावरण पातळ आहे हो, पण मग तो नगेट पृथ्वीत घुसतो ना. बापूंचेच आकडे अख्ख्या पृथ्वीला लावा, सेकंदाला १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दर सेकंदाला एक-दीड नगेट, त्यातले निम्म्याहून जास्त प्रतिपदार्थाचे. पृथ्वीच्या आरपार जाताना प्रत्येकासमोर ग्रॅमच्या घरात खडक येतो. तो सगळा नष्ट झाला तर आतून सुटणारी उष्णता शंभर टेरावॅटच्या वर जाते. आणि पृथ्वीच्या पोटातून प्रत्यक्ष बाहेर येते ती मोजलेली उष्णता ४७ टेरावॅट, त्यातली बरीचशी युरेनियम-थोरियमच्या हिशोबात आधीच गेलेली. उरलेली उष्णता कुठाय?

---

बापू_खगोल

प्रत्येक टकरीत नाश होत नाही, बरेचसे अणू नगेटच्या पृष्ठभागावरून परततात असं ते धरतात, त्यासाठी एक गुणक आहे. ऊर्जेचा काही भाग न्यूट्रिनो घेऊन जातात तो वेगळाच. नगेट १० ऐवजी जास्त ग्रॅमचा घेतला तरी उष्णता कमी होते.

---

तिरकस

जास्त ग्रॅमचा घेतला की तुमचे तीन-चार बर्स्ट पण कमी होतात की. आणि गुणक मोकळा सोडला की उष्णताही बसते, बर्स्टही बसतात, सगळंच बसतं. माझी तक्रार तिथेच आहे. हेच नगेट घेऊन अंटार्क्टिकावरच्या अनिटाचे उलटे शॉवर, अर्जेंटिनातल्या ऑजे वेधशाळेवर वादळात दिसणारे कड्यासारखे शॉवर, सगळ्यावर पेपर आहेत. एकाच किल्लीने सगळी कुलुपं उघडायला लागली की मी किल्लीकडे नाही, कुलपांकडे संशयाने बघतो.

---

गोदाक्का

उलटे शॉवर?? म्हणजे जमिनीतून वर?

---

शून्यवादी

हो. अनिटा हे बलूनवरून बर्फाकडे बघत रेडिओ झटके टिपणारं उपकरण. २००६ आणि २०१४ च्या उड्डाणांत एकेक असा झटका आला की ज्याचा कण बर्फाखालून, क्षितिजाच्या बऱ्याच खालून, साधारण ३० अंशांच्या घरातल्या कोनाने वर आल्यासारखा वाटतो. एवढ्या ऊर्जेचा न्यूट्रिनोसुद्धा पृथ्वीच्या इतक्या जाड भागातून सहसा पार होत नाही, म्हणून सुपरसिमेट्रीपासून स्टराइल न्यूट्रिनोपर्यंत सगळ्यांनी हात धुवून घेतले. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो डिटेक्टरने त्या दिशांना बघितलं, काही नाही. ऑजेने आपल्या जुन्या डेटात वर जाणारे शॉवर शोधले आणि २०२५ मध्ये निकाल दिला, तिथेही अनिटाला दुजोरा मिळेल असं काही नाही. बर्फाच्या आतल्या थरांवरून परावर्तन होऊन नेहमीच्याच शॉवरचा झटका उलटा दिसला का, ही शंका अजून आहे पण तीही नक्की नाही.

---

अर्धवटराव

अवांतर: मग ती जपानी देवीच्या नावाची अमातेरासु काय भानगड? तीही याच पठडीतली?

---

रात्रपाळी

तिथे शॉवर नेहमीसारखाच आहे, विचित्र आहे ती ऊर्जा आणि दिशा. २७ मे २०२१ ला टेलिस्कोप अ‍ॅरेवर आला, ऊर्जा २४ वर १९ शून्यं इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट. १९९१ चा युटातलाच ‘ओ माय गॉड’ कण ३२ वर १९ शून्यं, म्हणजे एका कणात ५१ ज्यूल. ५ वर १९ शून्यांच्या पुढे प्रोटॉन गेला की बिग बँगच्या उरलेल्या मायक्रोवेव्ह फोटॉनशी टकरून ऊर्जा गमावतो, त्यामुळे इतका जोरदार कण फार लांबून येऊ शकत नाही. आणि अमातेरासु आला त्या दिशेला जवळपास आकाशगंगाच नाहीत, मोकळी पोकळी आहे. स्ट्रेंजलेट जड असल्याने ही मर्यादा ओलांडू शकतील असं मॅडसन आणि लार्सन यांनी २००३ मध्ये दाखवलं होतं खरं. पण लोखंडासारखं जड केंद्रक धरलं तर चुंबकीय क्षेत्राने ते एवढं वळतं की दिशेला फारसा अर्थ उरत नाही.

रच्याकने, मला स्वतःला या सगळ्यापेक्षा म्युऑनचं कोडं जास्त गंभीर वाटतं, कारण ते दोन-चार घटनांवर नाही. अर्जेंटिनात मालार्गेजवळ ३००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या ऑजेला मोठ्या शॉवरमध्ये संगणकी मॉडेलपेक्षा ३० ते ६० टक्के जास्त म्युऑन दिसतात. हे हजारो शॉवरमध्ये, इतर प्रयोगांतही, ऊर्जा वाढेल तशी तफावत वाढत जाते. इथे तिरकसची फट नाही आणि घड्याळ पण नाही.

---

तिरकस

हे मान्य. पण तिथे आभाळातून ढेकूळ यायची गरज नाही, टक्कर झाल्यावर जे बनतं त्यातच काहीतरी बदलतंय. २०१७ मध्ये सर्नच्या एलिस प्रयोगाने साध्या प्रोटॉन टकरींतही जास्त कण सुटले की स्ट्रेंज कणांचं प्रमाण वाढतं हे दाखवलं. स्ट्रेंज कण वाढले की चार्ज नसलेले पायॉन कमी, म्हणजे ऊर्जा फोटॉनकडे कमी जाते, हॅड्रॉनकडे जास्त राहते आणि शेवटी म्युऑन जास्त पडतात.

---

बापू_खगोल

म्हणजे फोटॉन कमी, हॅड्रॉन जास्त. हे वर्णन कुठेतरी वाचल्यासारखं वाटत नाही का तिरकसराव? चाकालतायाच्या लोकांना हवं होतं ते हेच, फक्त सौम्य स्वरूपात :)

---

तिरकस

हा हा. सौम्य आणि टोकाचं यात फार अंतर आहे. पण ठीक, एक गुण तुम्हाला.

---

रात्रपाळी

याचा निकाल लागायची साधनं हातात आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्नच्या एलएचसी कोलायडरमध्ये पहिल्यांदा प्रोटॉन आणि ऑक्सिजनची टक्कर घडवली, म्हणजे जवळजवळ हवेचीच टक्कर, आतापर्यंत मॉडेलवाले प्रोटॉन-प्रोटॉन आणि शिसं यांच्यामधलं अंदाजाने भरत होते. दुसरीकडे ऑजेने टाक्यांच्या डोक्यावर सिंटिलेटर बसवलेत, त्यामुळे म्युऑन आणि इलेक्ट्रॉन शॉवरगणिक वेगळे काढता येतील.

नगेटवाल्यांची चाचणी मात्र वेगळी. शून्यवादी, युटातल्या बर्स्टसोबत रेडिओ झटके यायला हवेत आणि ते विजेच्या झटक्यांपेक्षा वेगळे ओळखता येतील असं झिट्निट्स्की म्हणतात. विजेचा इंटरफेरोमीटर (विजेचे रेडिओ झटके टिपणारं यंत्र) तिथे आहेच ना?

---

शून्यवादी

आहे. २०२० च्या पेपरमध्ये त्यांनी तोच वापरून गॅमा झोत आणि विजेच्या सुरुवातीचे झटके मायक्रोसेकंदाच्या पातळीवर जुळवलेत, आणि त्या घटनांमध्ये प्रत्येक झोताला विजेचा स्वतःचा झटका सापडला. नगेटसाठी जागा शोधायची तर बर्स्ट असा हवा की वर ढगात क्षेत्र आहे पण वीज सुरूच झालेली नाही. २००८ ते २०१३ च्या १० पैकी ज्यांना विजेची नोंद जुळली नाही ते तसले होते का, हे सांगणं कठीण, कारण तेव्हा तिथे ही जवळची यंत्रणा नव्हती आणि लांबच्या नेटवर्कला प्रत्येक वीज पकडता येत नाही.

---

बापू_खगोल

म्हणजे माझ्यासाठी दार तेवढंच उघडं. यंत्रणा बसल्यानंतरच्या नोंदींत वीज नसलेला एक तरी बर्स्ट कुणी छापलेला दिसला तर इथे टाका. तोवर म्युऑनवर वेगळा धागा काढतो, रात्रपाळी तिथे या.

---

चकवा

पुभाप्र.